घोट्याचं ऑपरेशन, पण मनगटाला विचारून

मोठीमायच्या उजव्या चपलेची आतली कड झिजून पापडासारखी झाली आहे. बाहेरची कड पाहिली तर चप्पल कालच्या बाजारातून आणल्यासारखी. टाच बाहेर सरकली, तळव्याची कमान बसली, घोटा आत कलला, हे सारं एक्स-रेच्या आधी त्या चपलेनंच सांगितलं होतं. आमवाताचं तिचं हे चौदावं वर्ष. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात थांबा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरी बाजेवर बसून ती मला विचारते, "ते सारं ठीक हाय, पन मले उकिडवं बसता येईन का?"

गावात कंबर धरली तरी वात आणि गुडघा कुरकुरला तरी वात. आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ही झीज नव्हे. जंतूंशी लढणारी शरीराची फौज इथं स्वतःच्याच सांध्याच्या अस्तरावर तुटून पडते. ते अस्तर सुजतं, बांडगुळासारखं पसरतं आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, खातं. बायकांना हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट जास्त होतो. गंमत अशी, की म्हातारपणाची झीज गुडघ्याला गाठते तशी घोट्याला सहसा गाठत नाही. आमवातापुढं मात्र घोट्याची १-२ मिलिमीटरची कूर्चा टिकत नाही.

म्हणून पहिला प्रश्न ऑपरेशनचा नाहीच. सांधा गरम, पिलपिलीत सुजलेला असेल तर आजार अजून पेटलेला आहे आणि आधी औषधं नीट बसवायला हवीत. त्यातल्या मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या औषधाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. औषधं लागू पडली, घोट्याला पट्टा आणि पायात मऊ रबराची एमसीआर चप्पल आली, की काहींचं ऑपरेशन वर्षानुवर्षं लांबतं.

तरीही दुखतच राहिलं तर नेमकं कुठं दुखतं ते शोधावं लागतं. घोटा दुमजली आहे. वरच्या मजल्यावर नडगीचं हाड टेलस नावाच्या हाडावर वर-खाली हलतं. खालच्या मजल्यावर टेलस टाचेच्या हाडावर डावी-उजवीकडं कलतं. नांगरलेल्या वावरात ढेकळांवरून तोल सांभाळतो तो हाच. एक्स-रे उभं राहूनच काढायला हवा, कारण झोपल्यावर कललेला घोटाही शहाण्यासारखा सरळ दिसतो. शंका उरली तर एकाच मजल्यात भुलीचं इंजेक्शन देतात. तेवढ्यापुरतं दुखणं थांबलं, तर चोर तिथलाच.

ऑपरेशनं मुख्यतः दोन. एकात नडगी आणि टेलस स्क्रूनं घट्ट धरून त्यांचं एकच हाड होऊ देतात. दुखणं जातं, वर-खाली हालचालही जाते. दुसऱ्यात धातू आणि प्लास्टिकचा कृत्रिम सांधा बसवतात. हालचाल बरीचशी राहते, पण स्टेरॉइडनं ठिसूळ झालेल्या हाडात तो ढिला होण्याची भीती असते. १० वर्षांनी साधारण दहातले आठ-नऊ सांधे जागेवर असतात, आणि बिघडलेला बदलणं अवघड जातं. वावरातल्या जड कामाला सांधलेलं हाड भरवशाचं. फक्त वरचा मजला गोठवला, की भार खालच्या मजल्यावर येतो, आणि आमवातात तोही बहुधा कुरतडलेलाच असतो.

आता उकिडवं बसणं. हाड सांधल्यावर ते जमत नाही. पण मोठीमायला ते गेली तीन वर्षं जमतच नाहीये! संडासात मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे. ऑपरेशनात काय जाईल याचा हिशेब आज जे शिल्लक आहे त्यावरून मांडायचा, वीस वर्षांपूर्वी निंदणाला जाणाऱ्या बाईवरून नाही.

मला सगळ्यात मोठी अडचण वाटते ती वेगळीच. हाड सांधल्यावर सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, तो पाय टेकवायचा नाही. मग अंगाचा भार जातो हातांवर, आणि आमवातानं हात आधीच वाकडे केलेले. मी तिला म्हटलं, चार दिवस उजवा पाय उचलून वॉकरवर घरात फिरून बघ, उंबरठा आणि संडासासकट. तिसऱ्या दिवशी मनगट वांग्यासारखं सुजलं. कोपरापर्यंतचा हात टेकवता येईल असा वॉकर मिळतो, हे त्यामुळं आम्हाला कळलं. कोणत्याही एक्स-रेमध्ये हे दिसलं नसतं.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना मान दाखवायचीच. आमवात मानेच्या वरच्या दोन मणक्यांची पकड सैल करू शकतो. मेथोट्रेक्सेट बहुधा चालू ठेवतात. आमवातावरची बायोलॉजिक नावाची इंजेक्शनं मात्र ऑपरेशनपुरती थांबवतात, नाहीतर जखम पिकण्याचा धोका वाढतो. स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नये, कारण ते बाहेरून मिळत असताना शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. वातावरच्या बिननावाच्या पुड्या खाल्ल्या असतील तर लाज न बाळगता सांगावं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

तारीख आम्ही फेब्रुवारीची मागितली आहे, कापसाची वेचणी उरकल्यावर. मे महिन्यातल्या ४५ अंशांत प्लास्टर नको आणि मृगाच्या चिखलात वॉकर तर नकोच. अडलंय ते तंबाखू-सुपारीच्या खर्‍र्‍यावर. निकोटीननं रक्तवाहिन्या आवळतात, जखम भरत नाही, हाड सांधत नाही. डॉक्टरांनी आधी तो सोडायला सांगितलाय. मोठीमाय म्हणते, सोडला. पदराच्या गाठीत पन्नी मात्र अजून वाजते.