वृद्धाश्रमातील करमणूक व सामूहिक उपक्रम

वृद्धाश्रमात कायमच्या मुक्कामाला आलेल्या ज्येष्ठांचा वेळ बरा जावा, त्यांची आपसात ओळख वाढावी आणि बाहेरच्या जगाशी नाते तुटू नये, यासाठी चालणारे खेळ, वाचन, भजन, गाणी, सणवार, हातकाम, सहली आणि पाहुण्यांचे कार्यक्रम यांची ही नोंद आहे. तीत मुख्यतः महाराष्ट्रातील वृद्धाश्रमांचा विचार केला आहे. ज्येष्ठ नागरिक संघ किंवा बागेतली विरंगुळा केंद्रे ही वेगळी गोष्ट. तिथे आलेला माणूस दोन तास गप्पा मारून घरी जातो. वृद्धाश्रमात राहणाऱ्याचे घर तेच असते. कार्यक्रम आवडला नाही तर उठून जायला त्याला आपली खाट तेवढी असते, आणि पुष्कळदा ती खोलीही तिघा-चौघांत वाटलेली असते. त्यामुळे इथे करमणूक कोणती यापेक्षा ती कोणी ठरवली, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

पूर्वपीठिका आणि कायदा

निराधार वृद्धांना आसरा देणाऱ्या संस्था महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून आहेत. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६०च्या दशकात पुण्यात सुरू झालेले अनाथ पंगू गृह, म्हणजे आजचे नवी पेठेतले ‘निवारा’, हे त्यांतले एक जुने नाव. या संस्थेच्या सभागृहात शहरातली व्याख्याने आणि सभा होतात, त्यामुळे अनेक पुणेकरांना ‘निवारा’ आधी सभागृह म्हणून ठाऊक असतो आणि वृद्धाश्रम म्हणून नंतर. राज्य शासनाने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. पुढच्या काळात पैसे भरून राहण्याचे खाजगी वृद्धाश्रम वाढले आणि रहिवाशांची जातकुळीच बदलली. निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, मुले परदेशी असलेली जोडपी येऊ लागली. नाटकाला जायची, दिवाळी अंक घ्यायची, रोज कोडे सोडवायची सवय असलेल्या या मंडळींना दोन वेळचे जेवण आणि संध्याकाळची प्रार्थना पुरणार नव्हती.

स्वयंसेवी संस्थांना वृद्धाश्रमासाठी अनुदान देणारी केंद्र शासनाची योजना १९९२ मध्ये सुरू झाली. तिच्या उद्दिष्टांत निवारा, अन्न, वैद्यकीय मदत यांच्याबरोबर करमणुकीचाही उल्लेख आहे. ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ याच्या कलम १९ नुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम उभारू शकते. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना ठरवताना वैद्यकीय सेवा आणि करमणुकीची साधने यांचा एका दमात उच्चार केला आहे. कायद्याने करमणुकीला औषधपाण्याच्या पंगतीला बसवले खरे, पण वाढताना हात आखडतोच. बहुतेक ठिकाणी ‘करमणुकीची साधने’ म्हणजे दिवाणखान्यातला एक दूरदर्शन संच, दोन वर्तमानपत्रे आणि कोणीतरी देऊन टाकलेल्या पुस्तकांचे कपाट.

रोजचा दिवस

सकाळी प्रार्थना, झेपेल तेवढा व्यायाम, चहा, नाश्ता आणि वर्तमानपत्र असा साधारण क्रम असतो. वर्तमानपत्राची पाने सुटी होऊन हातोहात फिरतात. निधनवार्तांच्या पानाला मागणी जास्त. मोतीबिंदूमुळे किंवा डोळ्यांच्या इतर दुखण्यामुळे वाचता न येणाऱ्यांसाठी एकाने मोठ्याने वाचायचे, ही पद्धत बिनखर्चाची आहे आणि वाचणाऱ्यालाही त्यामुळे मान मिळतो. हास्यक्लबही पुष्कळ ठिकाणी चालतात. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अवघ्या पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. त्याचे लोण बागांमधून वृद्धाश्रमांपर्यंत पोहोचले. मुद्दाम हसणे काहींना फार आवडते, तर काहींना ते अगदी पोरकट वाटते. न येणाऱ्याला ‘एकलकोंडा’ ठरवू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

पत्त्यांना तोड नाही. रमी, मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात हे डाव वर्षानुवर्षे त्याच चौकडीत रंगतात आणि भांडणेही त्याच चौकडीत होतात. कंपवात असलेल्याला तेरा पाने हातात धरता येत नाहीत. त्याच्यापुढे खाच पाडलेली लाकडी पट्टी ठेवली की पाने उभी राहतात आणि डावातले त्याचे स्थान टिकते. अशी पट्टी कोणताही सुतार घटकाभरात करून देतो. कॅरमला उभे राहायला जमत नसेल तर बोर्डाची उंची खुर्चीच्या बेताने ठेवावी लागते. सोंगट्या, सापशिडी, गाण्याच्या भेंड्या यांना काही साहित्य लागत नाही किंवा फारच थोडे लागते. भेंड्यांत मात्र एक अडचण हमखास येते: ‘ळ’ आला की कुठून गाणे काढायचे यावर वाद आणि मग कोणीतरी जुना नियम शोधून काढतो.

हाउसी किंवा तंबोला हा सर्वांत जास्त गर्दी खेचणारा खेळ. तिकिटावर तीन ओळी, नऊ उभे रकाने आणि पंधरा आकडे असतात; पुकारायचे ते १ ते ९० पर्यंतचे. वृद्धाश्रमात त्याचे रूप थोडे बदलते. बाजारातल्या तिकिटावरचे बारीक आकडे दिसत नाहीत, म्हणून ती मोठ्या अक्षरांत छापून पुठ्ठ्यावर चिकटवतात. पेनाने खोडण्याऐवजी आकड्यावर चिंचोका ठेवायचा, म्हणजे तेच तिकीट पुन्हा चालते. मराठी आकडे कमी ऐकू येणाऱ्यांची परीक्षाच घेतात: एकोणऐंशी की एकोणनव्वद, त्रेसष्ट की त्रेपन्न? जाणता पुकारणारा ‘एकोणऐंशी, सात नऊ’ असे दोन्ही तऱ्हांनी सांगतो, पाटीवर लिहितो आणि पुढच्या आकड्याची घाई करत नाही. बक्षीस साबण, पेढ्याचा पुडा किंवा दहा-वीस रुपये असले तरी ‘पहिली ओळ’ कोणाची यावरून होणारी तक्रार व्यवस्थापकाच्या खोलीपर्यंत जाते. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती डावात असेल तर चिंचोके तोंडात घातले जाण्याची भीती असते. तेव्हा प्लास्टिकच्या मोठ्या चकत्या बऱ्या.

दूरदर्शन संचाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मालिका आणि क्रिकेट यांच्यात रिमोटवरून चालणारी ओढाताण घरोघरी आहे, इथे फक्त माणसे जास्त.

काम हीच करमणूक

मेथी निवडणे, मटार सोलणे, फुलवाती वळणे, देवासाठी हार करणे ही कामे कोणत्याही वेळापत्रकात ‘उपक्रम’ म्हणून लिहिलेली नसतात, पण बायका सर्वांत मनापासून जमतात त्या इथेच. हात चालू असले की बोलणे आपोआप चालू होते. सासर, माहेर, सुना, दुखणी, पाककृती असे सगळे निघते. काही संस्था वाती, कापडी पिशव्या, भेटकार्डे विकून पैसे रहिवाशांना देतात. दुसरीकडे, स्वच्छतेचे किंवा अपघाताचे कारण सांगून स्वयंपाकघराचे दार रहिवाशांना बंद केलेले असते. पन्नास वर्षे चूल सांभाळलेल्या बाईला ‘आजी, तुम्ही आराम करा’ असे सांगणे प्रेमाचे वाटते. तिला मात्र आपण निकामी झाल्यासारखे वाटते. पुरुषांची गत थोडी निराळी. नोकरी हेच ज्यांचे काम होते त्यांना निवडायला मेथी चालत नाही. ग्रंथालयाची नोंदवही, विजेच्या बिलाचा हिशेब, बागेतल्या पाण्याची पाळी, जवळच्या वस्तीतल्या मुलांची शिकवणी अशी जबाबदारी दिली की तीच माणसे सकाळी दाढी करून वेळेवर हजर होतात.

या निरीक्षणाला संशोधनाचाही थोडा आधार आहे. एलेन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका शुश्रूषागृहात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरच्या रहिवाशांना कुंडीतले रोप निवडायला आणि जोपासायला दिले, सिनेमा कोणत्या दिवशी बघायचा तेही त्यांनीच ठरवायचे होते. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली, सिनेमाही दाखवला. पण पाणी परिचारिका घालत आणि दिवस संस्था ठरवी. तीन आठवड्यांनी पहिला गट अधिक उत्साही आणि सावध दिसला. दीड वर्षाने त्या गटातले मृत्यूही कमी आढळले, मात्र या आकडेवारीत गणिताची चूक होती व ती दुरुस्त केल्यावर मृत्यूंबाबतचा निष्कर्ष बराच ढिला पडला. हा दुसरा भाग सांगायचा अनेकदा राहून जातो. न्यूयॉर्क राज्यात डॉ. बिल टॉमस यांनी १९९१ मध्ये एका शुश्रूषागृहात कुत्री, मांजरे, शंभर पक्षी आणि बाग आणली. एकटेपणा, असहायता आणि कंटाळा या तीन दुखण्यांवर त्यांचा रोख होता. नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथील एका वृद्धनिवासात महिन्याला ३० तास वृद्धांसोबत घालवण्याच्या बोलीवर विद्यार्थ्यांना बिनभाड्याची खोली मिळते.

सणवार

महाराष्ट्रातल्या वृद्धाश्रमाचे वर्ष पंचांगावर चालते. आषाढीला आवारातच दिंडी निघते. चाकाच्या खुर्चीतले वारकरी पुढे असतात, कारण त्यांना मागे ठेवले तर ते मागेच राहतात. गणपतीत आरत्यांचा आवाज चढतो, नवरात्रात भोंडल्याचा फेर खुर्च्यांवर बसून धरला जातो, कोजागरीला मधुमेह्यांसाठी बिनसाखरेचे दूध वेगळे काढतात. पंच्याहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शन यांना विशेष मान. हजार पौर्णिमा भरायला साधारण ८० वर्षे १० महिने लागतात, त्यामुळे इथे असा समारंभ वर्षातून अनेकदा होऊ शकतो. गोव्यात सार्वजनिक साहाय्याचे काम पाहणारी ‘प्रोवेदोरिया’ वृद्धाश्रम चालवते. तिथे चवथीबरोबर नाताळ आणि रोझरीही असते.

संक्रांतीचे हळदीकुंकू हा मात्र नाजूक विषय. वृद्धाश्रमातल्या बहुसंख्य बायका विधवा असतात. बाहेरचे महिला मंडळ हौसेने हळदीकुंकू करायला येते आणि जिच्या कपाळाला कुंकू लावायचे नाही असे मानले जाते, ती मागच्या रांगेत सरकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. त्याआधीपासून काही वृद्धाश्रमांनी नुसता ‘तिळगूळ समारंभ’ करून किंवा सरसकट सर्वांना हळदीकुंकू आणि वाण देऊन हा प्रश्न सोडवला होता. तरीही एखाद्या आजी स्वतःच नको म्हणतात. आग्रहाने लावणे हाही त्यांच्यावर अन्यायच.

पाहुण्यांचे कार्यक्रम

वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नाचा वाढदिवस, कंपनीचा सामाजिक उपक्रम, शाळेची भेट अशी बाहेरची वर्दळ वृद्धाश्रमात असते. पितृपक्षात आणि १ ऑक्टोबरच्या जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाच्या आसपास ती कळसाला पोहोचते. एकाच आठवड्यात तीनदा श्रीखंड-पुरी होते, रक्तातली साखर वाढते आणि परिचारिका वैतागते. त्यानंतर महिनाभर कोणी फिरकत नाही. केक कापताना टाळ्या वाजवायच्या, फळे घेताना छायाचित्रासाठी थांबायचे, ‘कसं वाटतंय आजी?’ या प्रश्नाला छान म्हणायचे, हे सगळे रहिवाशांना आता पाठ झालेले असते. संस्थेचा खर्च देणग्यांवर चालत असल्याने व्यवस्थापनाला नाही म्हणता येत नाही. अशा कार्यक्रमात करमणूक पाहुण्यांची होते, असे म्हटले तर ते कडवट वाटेल, पण फारसे चुकीचे नाही. यावर काही संस्थांनी साधे नियम केले आहेत: जेवणाचे दिवस वर्षभरात वाटून द्यायचे, खोलीत शिरण्याआधी विचारायचे, विनापरवानगी छायाचित्र काढायचे नाही, आणि एकदा येणाऱ्यापेक्षा दर गुरुवारी तासभर बुद्धिबळ खेळायला येणाऱ्याला अधिक किंमत द्यायची. २०२०च्या टाळेबंदीत ही वर्दळ एकदम थांबली; तेव्हा व्हिडिओ कॉलची सवय लागली ती अनेक ठिकाणी टिकून आहे.

स्मृतिभ्रंश आणि अंथरुणाला खिळलेले रहिवासी

कार्यक्रमात सहसा हिंडते-फिरते लोकच येतात. बाकीच्यांकडे जावे लागते. स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी ब्रिटनमध्ये विकसित झालेली एक पद्धत सात आठवड्यांत चौदा बैठकांची आहे; लहान गटात जुनी गाणी, वस्तू, खाद्यपदार्थ, चालू घडामोडी यांवर बोलते करतात आणि चुकीचे उत्तर धरत नाहीत. मराठी माणसाजवळ यासाठी मोठा साठा आहे. १९५७ मध्ये दशमान नाणी येण्यापूर्वी शाळेत गेलेल्यांना पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ असे. सकाळचे जेवण न आठवणारे आजोबा ‘बे एके बे’ ऐकले की पुढचा पाढा न अडखळता म्हणतात. या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढते. दिवेलागणीला शुभंकरोती, रामरक्षा आणि परवचा म्हणण्याची लहानपणची सवय त्याच वेळेची असल्याने काहींना तिने शांत वाटते. खाटेवरच्या माणसासाठी पलंग खिडकीकडे फिरवणे, उशाशी आकाशवाणी लावणे आणि शेजारी बसून पत्र वाचून दाखवणे एवढेही जमते.

कोण करणार

अमेरिकेत १९८७च्या कायद्यापासून शुश्रूषागृहात उपक्रमांसाठी पात्र व्यक्ती नेमावी लागते. ब्रिटनमध्येही असे स्वतंत्र पद सर्रास आढळते. आपल्याकडे हे काम व्यवस्थापक, काळजीवाहू मावशी किंवा एखादा उत्साही रहिवासी यांच्या अंगावर पडते. पुण्या-मुंबईतील समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी येतात, भित्तिपत्रक सुरू करतात, नाटुकले बसवतात. परीक्षा जवळ आल्या की ते जातात. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे दुपार सर्वांत लांब असते तेव्हा, वेळापत्रकाचा फळा बहुधा कोरा असतो आणि पत्त्यांची चौकडी मात्र नेहमीच्या टेबलावर बसलेली असते.