‘नीट उचल’पासून ‘नीट ठेव’पर्यंत: ओझ्यांच्या दुखापतींची पार्श्वभूमी

कामावर कुणाच्या कंबरेत चमक भरली की आजही पहिला प्रश्न त्यालाच विचारतात: वाकलास कसा? ओझं किती उंचीवर ठेवलं होतं, अंगापासून किती लांब होतं, वळताना पाय ठेवायला जागा होती का, हे मागाहून विचारलं जातं किंवा विचारलंच जात नाही. प्रश्नांचा हा क्रम उलटा हवा, हे सिद्ध व्हायला फार वर्षं गेली.

सुरुवात मात्र योग्य ठिकाणाहून झाली होती. इटलीतल्या मोदेनाचे वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. कामातून येणाऱ्या आजारांची त्यांनी दोन मुख्य कारणं सांगितली: घातक पदार्थ, आणि शरीराच्या जोरकस, बेढब हालचाली व अवघडलेल्या स्थिती. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असंही त्यांनी वैद्यांना बजावलं. पण आत नेमकं काय बिघडतं, हे कळायचं बाकी होतं. १९३४ मध्ये बॉस्टनचे शल्यचिकित्सक मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं की मणक्यांमधली गादी फाटून बाहेर आली की ती मज्जातंतूच्या मुळाला दाबते आणि पायात कळ जाते. १९६० च्या दशकात स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला. पुढे वाकून वजन धरलं की तो ताठ उभं असतानाच्या दाबापेक्षा कितीतरी वाढतो, हे आकड्यांत दिसलं.

कारण साध्या तरफेचं आहे. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५-६ सेंटिमीटरवरून ओढतात, तर हातातलं ओझं ५० सेंटिमीटर पुढे असू शकतं. म्हणजे १० किलोचं खोकं तोलायला स्नायूंना सुमारे ८५-१०० किलोइतका जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचा भार वेगळाच. हा सगळा दाब कंबरेच्या तळाच्या गादीवर येतो. म्हणूनच ‘किती किलो?’ या प्रश्नाइतकाच ‘किती लांब?’ हा प्रश्न महत्त्वाचा.

कायद्यांनी मात्र आधी किलोच धरले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने वाहायच्या ओझ्याबद्दल करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल मर्यादा सुचवली. काहीच नसण्यापेक्षा ते बरं होतं, पण एकट्या आकड्याला ना अंतर कळतं, ना उंची, ना दिवसभरातल्या खेपा.

खरं वळण १९७८ चं म्हणावं लागेल. अमेरिकेतल्या लिबर्टी म्युच्युअल या विमा कंपनीचे संशोधक स्टोव्हर स्नूक आणि सहकाऱ्यांनी तीन उपाय तपासले: धडधाकट माणसं निवडणं, उचलण्याचं प्रशिक्षण, आणि कामाची आखणी बदलणं. पहिल्या दोहोंचा परिणाम दिसला नाही. काम बहुतेकांना झेपेल असं आखलं, तर कंबरेच्या भरपाईपात्र दुखापतींपैकी एक तृतीयांशापर्यंत टळू शकतील, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आखणी मोजायला सूत्र दिलं ते नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने. आधी १९८१ मध्ये, मग १९९१ मध्ये सुधारून. सुधारित सूत्रात उत्तम परिस्थितीतलं वजन २३ किलो धरलं आहे, आणि परिस्थिती बिघडेल तसं ते कमी होत जातं. समजा, १५ किलोचं खोकं जमिनीलगत आहे. पकड १५ सेंटिमीटर उंचीवर, दोन्ही घोट्यांच्या मध्यापासून ५० सेंटिमीटर पुढे, आणि ते ७५ सेंटिमीटर उंच टेबलावर ठेवायचं आहे. अंतराचा गुणक २५ भागिले ५०, म्हणजे ०.५, उंचीचा ०.८२, वर नेण्याचा ०.८९५. गुणाकार करून शिफारस येते जेमतेम ८.४ किलो. मध्ये आड येणारी फळी काढून खोकं ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ आणलं की मर्यादा १४ किलो होते. तेच खोकं मुळात टेबलाच्याच उंचीवर ठेवलेलं असेल तर १९ किलो. माणूस तोच, खोकंही तेच. ही आकडेमोड पकड चांगली, कंबरेला पीळ नाही आणि खेपा अगदी तुरळक असं धरून आहे. ४५ अंश वळावं लागलं तर मर्यादा सुमारे १४ टक्के घटते. मिनिटाला चार खेपा आठ तास चालल्या तर ती निम्म्याहूनही खाली येते, आणि हा घटक अनेकदा विसरला जातो. एका हाताने उचलणं, गुडघ्यावर बसून उचलणं, फावडं मारणं यांना हे सूत्र लागू नाही.

युरोपने १९९० च्या निर्देशातून, आणि ब्रिटनने १९९२ च्या नियमांतून, उपायांचा क्रमही ठरवला. हाताने उचलणं टाळता येईल का, हे आधी पाहायचं. नसेल टाळता येत, तर धोका तपासायचा, आणि मग तो कमी करायचा. टाळणं म्हणजे ढकलगाडी, सरकपट्टा, उंची बदलणारं टेबल. कमी करणं म्हणजे जड माल मांडी ते कंबर या उंचीत ठेवणं, जमिनीलगत आणि खांद्याच्या उंचीवर फक्त हलका माल ठेवणं, गोणी लहान भरणं, खोक्याला पकड देणं.

‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ हा सल्ला तरीही भिंतींवर टिकून आहे. खोकं दोन गुडघ्यांमध्ये मावत असेल तर तो उपयोगी आहे. मावत नसेल तर गुडघेच आड येतात, ओझं आणखी पुढे जातं आणि पाठीवरचा भार वाढतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४,००० टपाल कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगातही प्रशिक्षणाने कंबरेच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. कंबरपट्ट्याचंही तसंच: त्याने दुखापत टळते याला पुरेसा पुरावा नाही, असं नायॉशने १९९४ मध्येच सांगितलं. पट्टा बांधून जास्त वजन झेपेल असं वाटणं हा धोकाच आहे.

रुग्णालयांकडे लक्ष उशिरा गेलं. रुग्ण खोक्यासारखा स्थिर नसतो, अचानक हलतो, पकडायला कडा नसते. अशा कामाला सूत्र कुठे लावता येईल हे तपासून २००७ मध्ये रुग्ण हलवताना सुमारे १६ किलोची मर्यादा सुचवली गेली. प्रौढ माणसाला पलंगावरून उचलताना ती बहुतेक वेळा ओलांडली जाते; म्हणजे तिथे रुग्णाला उचलणारं यंत्रच हवं. ते यंत्र लांबच्या खोलीत ठेवलेलं असेल, रुग्णाला ज्यात धरायचं ती योग्य मापाची झोळी हाताशी नसेल किंवा बॅटरी उतरलेली असेल, तर परिचारिका घाईत हातानेच उचलतात. छताच्या रुळावर, पलंगाच्या बरोबर वरच बसवलेलं यंत्र त्यामुळे जास्त वापरात राहतं.