रॅगटाइम : डाव्या हाताचा ठेका, उजव्या हाताची खोडी

टेबलावर डाव्या हाताने एकसारख्या चार थापा द्या. आता एका थापेला दोन या हिशेबाने एक ते आठ मोजा आणि उजव्या हाताने फक्त एक, चार आणि सात या आकड्यांवर टिचकी मारा. पहिली आणि तिसरी टिचकी थापेबरोबर पडते, मधली मात्र दोन थापांच्या फटीत. अपेक्षित जागेवरून आघात असा सरकवण्याला सिंकोपेशन म्हणतात. ही ३-३-२ ची आकृती आफ्रिकेतून कॅरिबियन बेटांमार्गे अमेरिकेत पोचली, आणि अशाच सरकत्या आघातांवर रॅगटाइम हे पियानोचे संगीत उभे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिसूरी आणि आसपासच्या राज्यांत कृष्णवर्णीय वादक गुत्त्यांत, नाचघरांत पियानो वाजवून पोट भरत. त्यांनी बँडच्या मार्चचा सांगाडा उचलला. डावा हात आधी खर्जातला सूर, मग वरचा स्वरमेळ, असा न चुकता चालतो. उजव्या हातात मात्र बँजोची आणि केकवॉक नाचाची आडवी लय. मिसूरीतल्या सेडेलिया गावी राहणाऱ्या स्कॉट जॉप्लिन या संगीतकाराचा ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ मध्ये छापला गेला. जॉप्लिनचे वडील एकेकाळी गुलाम होते. करारानुसार मुलाला प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मिळणार होता. कृष्णवर्णीय संगीतकाराच्या रचना एकरकमी पैसे देऊन घेण्याच्या त्या काळात हा एक सेंट मला फार मोलाचा वाटतो.

रॅगटाइम कधीही जलद वाजवू नये, अशी सूचना जॉप्लिन आपल्या छापील रचनांवर देत असे. ती अगदी रास्त आहे. वेग वाढला की दोन ठोक्यांमधली फट बुजते आणि सगळी गंमतच जाते.

ही गंमत घडते मेंदूत. पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज तो सतत बांधत असतो. डावा हात त्या अंदाजाला आधार देतो, उजवा त्याला हुलकावणी. ड्रमचे निरनिराळे ठेके ऐकवून केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंकोपेशन अगदी कमी किंवा फार जास्त असले की ऐकणाऱ्यांना नाचावेसे कमी वाटले. मध्यम असले की सर्वाधिक. रॅगटाइमच्या वादकांनी ते प्रमाण बोटांनी आधीच हेरले होते, असे मला वाटते.

युरोपात देब्यूसी आणि स्ट्राविन्स्की या संगीतकारांनाही या लयीचा मोह पडला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जेम्स पी. जॉन्सनसारख्या वादकांनी डाव्या हाताच्या उड्या आणखी लांब केल्या आणि ‘स्ट्राइड’ शैली घडली. पण रॅगटाइमचे जॅझ कसे झाले हे कानांनी ऐकायचे असेल, तर जेली रोल मॉर्टन या पियानोवादकाचे १९३८ चे ध्वनिमुद्रण शोधा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याने ‘मेपल लीफ रॅग’ दोनदा वाजवला : आधी मिसूरीच्या पद्धतीने, मग आपल्या न्यू ऑर्लिन्सच्या ढंगाने. दुसऱ्या वेळी लय झुलू लागते, डावा हातही ठरावीक चाल सोडून मोकळेपणी फिरतो, आणि तीच रचना जॅझ होते.