दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर: मालवाहू गाड्यांच्या तपासणीची पार्श्वभूमी

ट्रक वर्कशॉपमध्ये जातो तेव्हा त्याची एक तपासणी होते, आणि काम उरकून बाहेर पडतो तेव्हा दुसरी. पहिलीत बिघाड नेमका कुठे आहे आणि कशामुळे झाला, हे ठरवायचं असतं. दुसरीत सांगितलेलं काम खरंच झालं का आणि ते करताना नवीन काही बिघडलं तर नाही ना, हे पाहायचं असतं. आज या दोन्ही तपासण्या एकाच जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर येतात, पण त्यांचा इतिहास एक नाही. पहिलीची मुळं रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात सापडतात. दुसरी कायद्यात बरीच उशिरा आली, तीही माणसं दगावल्यावर. माझ्या मते आजही तिच्याकडे हवं तेवढं लक्ष दिलं जात नाही.

8 मे 1842 रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला. मागचे डबे त्यावर चढले, आग लागली आणि निदान पन्नास प्रवासी मेले. तोवर समज असा होता की लोखंड तुटतं ते भार सोसेना म्हणून. स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन यांनी तुटलेले आस अभ्यासले आणि दाखवून दिलं की तडा आधी बारीक असतो आणि चाक फिरता फिरता तो आत सरकत जातो. म्हणजे आस तुटण्याआधी बिघाड तिथे असतोच, फक्त डोळ्यांना दिसत नाही. तपासणी नावाच्या कामाला खरा अर्थ आला तो इथून.

रेल्वेने या अदृश्य तड्यावर शोधलेला उपाय अगदी साधा होता. लांब दांड्याची हातोडी घेतलेला माणूस गाडी थांबली की डब्यांच्या कडेने चालत जायचा आणि प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. असं चाक सापडलं की डबा गाडीतून काढून दुरुस्तीला जायचा. ही पद्धत कित्येक दशकं चालली, आणि गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारून पाहण्याची सवय पुढे मोटारगाड्यांच्या कामात तशीच उतरली.

दुसरा धागा बॉयलरचा. 1865 मध्ये जर्मनीतल्या मानहाइम शहरात एका बिअरच्या कारखान्यात वाफेचा बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी बॉयलरमालकांनी एकत्र येऊन तपासणीसाठी स्वतःची संघटना काढली. जर्मनीत आज गाड्या तपासणाऱ्या टीयूव्ही संस्थांचं मूळ तिथे आहे. यंत्र ज्याचं आहे किंवा ज्याने ते दुरुस्त केलं आहे, त्यानेच ‘ठीक आहे’ म्हणायचं, हे पुरेसं नाही, ही गोष्ट त्या लोकांनी मान्य केली. ही फार मोलाची पायरी होती. पश्चिम जर्मनीत मोटारगाड्यांची ठरावीक मुदतीची तपासणी 1951 मध्ये सक्तीची झाली.

ट्रकवाहतूक वाढली तशी सरकारं जागी होत गेली. अमेरिकेत 1935 च्या मोटर कॅरियर कायद्याने राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या ट्रक आणि बसगाड्यांच्या सुरक्षिततेचे नियम करण्याचा अधिकार केंद्रीय आयोगाला मिळाला. भारतात 1939 च्या मोटार वाहन कायद्यात व्यावसायिक गाड्यांना फिटनेस प्रमाणपत्र, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, लागू झालं, आणि ती तरतूद 1988 च्या कायद्यात कलम 56 म्हणून पुढे आली. ब्रिटनमध्ये 1967 च्या कायद्यानंतर 1968 पासून अवजड मालवाहू ट्रकची वार्षिक चाचणी सुरू झाली. युरोपीय समुदायाने 1976 च्या अखेरीस सदस्य देशांसाठी सामाईक निर्देश काढला. या सगळ्याचा गाभा एकच होता: ठरावीक मुदतीने गाडी दाखवा, पास करून घ्या.

पण वर्षातून एकदा केलेली तपासणी त्या एका दिवसापुरतीच खरी असते. उरलेल्या दिवसांची जबाबदारी कोणाची, याचं उत्तर आधी सैन्याने दिलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने ड्रायव्हरच्या तपासणीचे टप्पे पाडून दिले: गाडी काढण्याआधी, चालवताना, थांब्यावर आणि फेरी संपल्यावर. प्रत्येक टप्प्याला काय पाहायचं ते छापील होतं आणि सापडलेला दोष लिहून वरच्या वर्कशॉपला कळवायचा होता. ही शिस्त सुटली की काय होतं, तेही त्याच सैन्याने पाहिलं. 1944 च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या नावाने जवळपास सहा हजार ट्रक आघाडीला सामान पोचवत होते. गाड्या रात्रंदिवस पळत होत्या, क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या होत्या आणि देखभालीला वेळच नव्हता. टायर, इंजिनं आणि स्प्रिंगचे पाटे झपाट्याने निकामी झाले आणि वर्कशॉपमध्ये गाड्यांची रीघ लागली.

युद्धानंतर हीच पद्धत नागरी वाहतुकीत रुजली, आणि दुरुस्तीआधीची आणि नंतरची तपासणी खऱ्या अर्थाने जोडली गेली ती ड्रायव्हरच्या रिपोर्टमुळे. अमेरिकन नियमांत या रिपोर्टची रचना नीट पाहण्यासारखी आहे. फेरी संपल्यावर ड्रायव्हर दोष लिहितो आणि सही करतो. सुरक्षिततेला बाधक असा दोष असेल तर गाडी पुन्हा रस्त्यावर जाण्याआधी कंपनीने किंवा तिच्या वतीने कोणी लिहून द्यायचं, की दुरुस्ती झाली किंवा दुरुस्तीची गरज नव्हती. त्यानंतर जो ड्रायव्हर ती गाडी घेईल, त्याने तो कागद वाचून तिसरी सही करायची. सांगणारा एक, करणारा दुसरा आणि घेणारा तिसरा. या तिन्ही सह्यांत मला तिसरी सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण झालेल्या कामाकडे नव्या नजरेने पाहणारा आणि त्या गाडीत स्वतःचा जीव घेऊन बसणारा माणूस तोच असतो.

दोष नसेल तर कागद भरायचा का, यावर दोन देशांचं मत वेगळं पडलं. अमेरिकेने 2014 मध्ये मालवाहू गाड्यांपुरती ‘दोष नाही’ असे रिपोर्ट भरण्याची सक्ती काढली. ब्रिटनमधलं मार्गदर्शन मात्र निरंक नोंद ठेवायला सांगतं. मला ब्रिटिश रीत पटते. कोरा कागद म्हणजे दोष नव्हता की कोणी पाहिलंच नव्हतं, हे नंतर कसं कळणार?

दुरुस्तीच बिघाडाचं कारण ठरते तेव्हा काय होतं, हे कॅनडाच्या ऑंटारियो प्रांताने 1995 च्या सुमारास पाहिलं. धावत्या ट्रकची चाकं निखळून समोरच्या गाड्यांवर जाऊन आदळत होती आणि त्यात माणसं मेली. चाक बसवलेल्या जागेचं गणित समजून घेतलं की हे का होतं ते कळतं. हब (ज्यावर चाक बसतं तो मधला भाग) आणि चाकाची रिम यांच्यामध्ये रंगाचा जाड थर, गंज किंवा माती राहिली, तर नट पूर्ण आवळल्यासारखा वाटतो. गाडी धावू लागली की तो थर दबतो, बोल्टचा ताण उतरतो आणि नट सैल होऊ लागतात. म्हणजे टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) बरोबर आवळलेलं चाकसुद्धा काही किलोमीटरनंतर सैल असू शकतं. म्हणून चाक बसवल्यावर साधारण 40 ते 80 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून आवळायला सांगतात. गाडी वर्कशॉपच्या दारातून बाहेर पडली की दुरुस्तीनंतरची तपासणी संपत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. ऑंटारियोने चाकं बसवणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं केलं. 1997 मध्ये कायदा असा केला की चाक निखळलं की गुन्हा झालाच, ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ हा बचाव चालणार नाही, आणि दंड 50,000 डॉलरपर्यंत. कायदा कठोर आहे, पण रस्त्यावरच्या तिऱ्हाईत माणसाच्या बाजूने पाहिलं तर मला तो योग्य वाटतो.

दुरुस्तीआधीची तपासणी नीट झाली नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण 11 एप्रिल 2003 चं. पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेन रॉक गावात उतारावर एका डंपरचे ब्रेक लागले नाहीत आणि अपघातात दोघांचा जीव गेला. एअर ब्रेकच्या गाडीत हवेचा दाब ब्रेक चेंबर नावाच्या डब्यातून एक दांडा, म्हणजे पुशरॉड, बाहेर ढकलतो आणि त्याने ब्रेक लागतो; ब्रेकचा घासणारा थर, म्हणजे लायनर, झिजला की हा पुशरॉड जास्त बाहेर येऊ लागतो. ही झीज भरून काढायला स्लॅक ॲडजस्टर असतो, आणि अमेरिकेत 1994 पासून नव्या गाड्यांना तो आपोआप जुळणारा असावा लागतो. आता असा ॲडजस्टर असूनही पुशरॉड जास्त बाहेर येत असेल, तर ॲडजस्टर खराब आहे, नाहीतर कॅमशाफ्ट, बुश अशा ब्रेकच्या दुसऱ्या भागात दोष आहे. पाना घेऊन ॲडजस्टर हाताने आवळला की माप तेवढ्यापुरतं बरोबर येतं आणि खरा दोष झाकला जातो. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताच्या तपासात नेमक्या याच सवयीवर बोट ठेवलं.

माप घेणं अवघड नाही. चाकांना अडण लावायची, हवेचा दाब 90 ते 100 पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड) आणायचा, पुशरॉडवर चेंबरच्या तोंडाशी खडूने खूण करायची, एकाने पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने खूण किती सरकली ते मोजायचं. 30 नंबरच्या साध्या चेंबरला मर्यादा 2 इंच. हा आकडा दुरुस्तीआधी जॉब कार्डावर लिहिला असेल, तर नंतरच्या आकड्याला अर्थ येतो. आधीची नोंद नसेल तर ‘ब्रेक ॲडजस्ट केले’ या शेऱ्यातून काहीच कळत नाही.

अलीकडे या कामात नवीन थर आला आहे. युरोपात 2015 पासून बहुतेक नव्या अवजड गाड्यांना समोरचा धोका ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिचा रडार बंपरमध्ये असतो, आणि कॅमेरा असेल तर तो काचेमागे. काच बदलली, बंपर उघडला किंवा पुढचा ॲक्सल हलवला की त्यांची दिशा किंचित सरकू शकते. हा दोष खणखणीत-बद्द आवाजाने कळत नाही आणि छोट्या ट्रायलमध्येही हाती लागत नाही. गाडी सरळ चालते, डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. त्यामुळे अशा कामानंतर यंत्रावर कॅलिब्रेशन करून, म्हणजे त्यांची दिशा मोजून पुन्हा जुळवून, त्याची छापील प्रत जॉब कार्डाला जोडावी लागते. कामाआधी गाडीच्या संगणकातून काढलेली दोषसंकेतांची यादीही त्याच फाईलमध्ये हवी, म्हणजे जुना दोष कोणता आणि वर्कशॉपमध्ये उद्भवलेला कोणता, यावर नंतर वाद उरत नाही.