आधी नाव सांगा, मग गुप्त शब्द

लिनक्स या संगणकप्रणालीच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड टाइप करताना सहसा काहीच दिसत नाही, साधे ठिपकेसुद्धा नाहीत. पहिल्यांदा अनेकांना कीबोर्डच बिघडला असं वाटतं. ही रीत कागदाच्या काळातली आहे.

पासवर्ड येण्याआधी संगणक वापरायचा म्हणजे बहुतेक ठिकाणी पंचकार्डांचा, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवलेल्या कार्डांचा, गठ्ठा ऑपरेटरच्या हवाली करायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही संगणकप्रणाली चालवून दाखवली. यंत्र एकच, आयबीएम ७०९, पण त्याचा वेळ थोडा थोडा करून अनेकांना वाटलेला. मग प्रश्न आला: टाइपरायटरपाशी बसलंय कोण? फाइली कोणाच्या उघडायच्या, आणि खर्च झालेला वेळ कोणाच्या खात्यावर मांडायचा?

म्हणून आधी 'लॉगिन' टाइप करायचं, पुढे प्रॉब्लेम नंबर (कामाला दिलेला क्रमांक) आणि आपलं नाव. त्यानंतर पासवर्ड. काम संपवून लॉगआउट केलं की किती वेळ वापरला ते छापून येई. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखंच हे, फक्त किराण्याच्या जागी सेकंद.

वही आली की तिच्यात डोकावणाराही येतोच. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला ठरवून दिलेला आठवड्याचा वेळ पुरत नव्हता. त्याने पंचकार्डावरून पासवर्डांची फाइलच छापून घेतली! याची कबुली त्याने दिली ती कित्येक वर्षांनी. पुढे १९६६ मध्ये दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन वेगळ्या फाइली सुधारत होते. फाइल सुधारायचा प्रोग्रॅम, म्हणजे एडिटर, दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत असल्याने अदलाबदल झाली, आणि त्यानंतर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड छापून मिळू लागले.

टर्मिनल म्हणजे तेव्हा पडदा नव्हे, कागद. 'टेलिटाइप ३३' हे टाइपरायटरसारखं यंत्र सेकंदाला दहा अक्षरं खडखडत छापायचं, आणि छापलेला कागद कचऱ्याच्या डब्यात कोणाच्याही हाती लागू शकत होता. बऱ्याच जोडण्यांत कळ दाबल्यावर अक्षर थेट कागदावर उमटत नसे, संगणकाने परत पाठवलं तरच छापलं जाई. मग पासवर्डपुरतं परत पाठवणं थांबवलं की झालं. जिथे कळीबरोबर अक्षर उमटायचंच, तिथे संगणक आधीच त्या जागेवर अक्षरांवर अक्षरं छापून काळा पट्टा करून ठेवी. युनिक्स या संगणकप्रणालीत टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात, ते या टेलिटाइपवरूनच.

१९६९ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेत सुरू झालेल्या युनिक्सनेही नाव आणि पासवर्ड विचारायची हीच पद्धत उचलली. सुरुवातीला तिथेही पासवर्ड जसेच्या तसे ठेवलेले असत. ते मूळ रूपात परत काढता येऊ नयेत अशा सांकेतिक रूपात ठेवायची पद्धत नंतर आली. १९७९ मध्ये बेल लॅब्जच्याच रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी वापरातले ३,२८९ पासवर्ड तपासल्याचं लिहिलं. त्यांतले ४६४ अवघे तीन अक्षरी निघाले. १५ जणांनी तर एकाच अक्षरावर भागवलं होतं.