तस्करीतून सुटून आलेल्या व्यक्तीला मदत कशी मिळते: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

मानवी तस्करीबद्दल जनजागृती म्हटलं की रॅली निघते, बॅनर लागतात, ३० जुलैला जागतिक दिवस असतो म्हणून भाषणं होतात, आणि ते व्हायलाच हवं. पण सुटका होऊन घरी आलेल्या मुलीला किंवा कामगाराला पुढं काय मिळू शकतं, त्यासाठी कुठं जायचं, हे आजूबाजूच्या कुणालाच माहीत नसतं. माझं म्हणणं एवढंच, की वस्तीतल्या चार लोकांना जरी ही अर्जाची प्रोसेस नीट माहीत असली तरी खूप काही वाचतं.

आधी तक्रार. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ तस्करीसाठी आहे (१ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याला जुन्या भारतीय दंड संहितेचं, म्हणजे आयपीसीचं, कलम ३७०). यात फक्त देहव्यापार येतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाही, गुलामासारखं राबवणं, भीक मागायला लावणं, जबरदस्तीनं अवयव काढणं हे सगळं यात येतं. "ती तर स्वतःच्या मर्जीनं गेली होती" हे वाक्य पोलिस स्टेशनला हमखास ऐकायला मिळतं, तेव्हा लक्षात ठेवा, या गुन्ह्यात पीडितेची संमती होती की नव्हती याला कायद्यानं काहीच महत्त्व नाही. गुन्हा दुसऱ्या राज्यात घडला असला तरी जवळच्या पोलिस स्टेशनला झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवलेली तक्रार) होते, "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका, कारण पुढच्या जवळपास प्रत्येक अर्जाला तीच लागते. नोंदवून घेतच नसतील तर लेखी तक्रार पोस्टानं पोलिस अधीक्षकांना पाठवायची आणि पोस्टाची पावती जपून ठेवायची.

मूल हरवलं असेल तर २४ तास थांबा वगैरे काही नियम नाही. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्येच सांगितलंय की हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर एफआयआर घ्यायचीच, अपहरण किंवा तस्करी झाली असं धरून. लगेच १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन नंबर) ला फोन करा.

आता वकील. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२ नुसार तस्करीला किंवा वेठबिगारीला बळी पडलेल्या कुणालाही फुकट वकील मिळतो आणि इथं उत्पन्नाची अट नाही, म्हणजे बाई असो, पुरुष असो, मूल असो, कमाई कितीही असो, चालतं. कुणी उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून फेऱ्या मारायला लावत असेल तर हे कलम दाखवा. अर्ज जिल्हा कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका समितीत द्यायचा, फी नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी तिथले लोक लिहून घेतात. फोनवर माहिती हवी असेल तर १५१००.

भरपाईचा अर्जही त्याच ऑफिसात जातो. आणि हे सगळ्यांना सांगा: आरोपी सापडला नाही, केस उभीच राहिली नाही, तरी पीडित व्यक्ती किंवा तिच्यावर अवलंबून असलेले लोक अर्ज करू शकतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३९६ मध्ये तशी सोय आहे. चौकशी २ महिन्यांत पूर्ण करायची असते आणि तोवर अंतरिम मदत, औषधोपचार मागता येतात, फक्त ते अर्जात वेगळं लिहून मागायचं, नाहीतर राहून जातं. महिलांसाठीच्या नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०१८ च्या भरपाई योजनेत अर्जासोबत एफआयआर किंवा तक्रारीची कॉपी लागते, मेडिकल रिपोर्ट असेल तर तो, कोर्टाचा निकाल असेल तर तो. मुदत गुन्हा घडल्यापासून किंवा खटला संपल्यापासून ३ वर्षं, पण योग्य कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, म्हणून जुनी केस आहे म्हणून सोडून देऊ नका.

वीटभट्टी, कारखाना, शेत अशा ठिकाणी उचल देऊन अडकवून ठेवलेला माणूस असेल तर वेगळा रस्ता आहे. तिथं सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे मुक्तता प्रमाणपत्र (वेठबिगारीतून सोडवल्याचा दाखला), जे जिल्हाधिकारी किंवा प्रांत ऑफिसमधून मिळतं. केंद्राच्या वेठबिगार पुनर्वसन योजनेत पुरुषाला १ लाख, महिला आणि मुलांना २ लाख, आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणातून सोडवलेल्या महिला-मुलांना ३ लाखांपर्यंत मदत आहे, शिवाय ३० हजारांपर्यंत तातडीची मदत. हे प्रमाणपत्र हातात न घेताच माणसं ट्रेनमध्ये बसून गावी परततात आणि मग वर्षानुवर्षं काही मिळत नाही, मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या दिवशी सोबत कुणी एक जाणकार माणूस असता तर कागद मिळाला असता.

आधार, रेशनकार्ड दलालानं काढून घेतलेलं असतं बऱ्याचदा. ते तक्रारीतच लिहून घ्या, आणि कागद नाहीत म्हणून अर्ज थांबवू नका. अल्पवयीन असेल तर बाल कल्याण समितीचा आदेश जपून ठेवा, त्याचीही कॉपी लागते.

बरोबर जाणाऱ्यांनी फोटो काढायचे नाहीत, नाव ग्रुपवर टाकायचं नाही. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये ओळख उघड केली तर २ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

बँक खातं पीडितेच्या स्वतःच्या नावावर उघडून घ्या, भावाच्या किंवा नवऱ्याच्या नाही. नाल्साच्या योजनेत मंजूर रकमेतले ७५ टक्के किमान ३ वर्षं मुदत ठेवीत जातात आणि २५ टक्केच लगेच वापरता येतात, अल्पवयीन असेल तर ८० टक्के ठेवीत राहतात. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाकीचे पैसे कुठं गेले म्हणून तिलाच धारेवर धरतात.