पणजीच्या नथीतले मोती बदलायच्या आधी जरा थांबा

हल्ली जुन्या दागिन्यांची फॅशन परत आलीये, लग्नात नथ तर हवीच असते, मग कुणीतरी कपाटातली डबी काढतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आमच्याकडे हेच झालं. ताईने पणजीची नथ पॉलिशला दिली तर दुकानातला माणूस म्हणाला, मोती पिवळट पडलेत, काढून टाकू, पांढरेशुभ्र घालून देतो. ताई हो म्हणणारच होती, मी म्हटलं थांब गं, आधी मोती कुठले आहेत ते तरी बघू.

आपल्याकडे ज्याला बसरा मोती म्हणतात ना, तो आखातातल्या समुद्रातला, बहरीन कुवेतकडचा. पाणबुडे श्वास रोखून खाली जायचे आणि शिंपले वेचून आणायचे, आणि त्यातला खूप माल मुंबईत यायचा, इथे प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची. हे मोती बरेचदा मुळातच सायीच्या रंगाचे असतात! म्हणजे पिवळट दिसतोय म्हणून मोती खराब झाला असं अजिबात नाही.

पुढे जपानमध्ये मिकिमोतो नावाच्या उद्योजकाने 1893 मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखवला, 1920 च्या दशकात गोल कल्चर्ड (म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवून घेतलेले) मोती बाजारात आले, त्यात जागतिक मंदी आली, 1932 ला बहरीनमध्ये तेल सापडलं आणि आखातातला मोत्यांचा धंदा बसला तो बसलाच. त्यामुळे त्याआधीच्या दागिन्यात आखाती मोती असायची शक्यता बरीच असते.

आता मोत्याचं 'पाणी', म्हणजे त्याची चमक, नक्की काय असते? मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूत असतं तेच, पण इथे त्याच्या जेमतेम अर्ध्या मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या चपट्या फरश्या एकावर एक रचलेल्या असतात आणि मध्ये प्रथिनांचा गिलावा. ही जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असल्यामुळे वेगवेगळ्या थरांवरून परत आलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि मोती हलवला की ती गुलाबी हिरवट झाक सरकताना दिसते. नैसर्गिक मोत्यात हे थर कांद्यासारखे आतपर्यंत असतात. समुद्री कल्चर्ड मोत्यात मात्र आत शिंपल्याच्या कवचाचा घडवलेला मणी असतो आणि वर पातळ थर, तोही शिंपल्यानेच चढवलेला, म्हणून त्याला खोटा म्हणू नये. बाहेरून फरक कळणं कठीण, दातावर घासलं तर दोन्ही खरखरीत लागतात (काचेचा गुळगुळीत लागतो), पक्कं सांगायला जेमॉलॉजी (रत्नपरीक्षेच्या) लॅबमध्ये एक्स-रे लागतो.

आणि प्लीज, मोती लिंबू किंवा व्हिनेगरने साफ करू नका, आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं, बुडबुडे येतात आणि वरचं पाणीच जातं. परफ्युम आधी मारा, नथ नंतर घाला, काढली की मऊ कापडाने पुसून ठेवा. मशीनमध्ये अल्ट्रासॉनिक क्लीनिंगही नको, दागिन्यात पाचू असेल तर त्याच्या भेगांत भरलेलं तेलसुद्धा त्यात निघून जातं.

नथीच्या मधल्या लाल खड्याचं मात्र वेगळंच निघालं. जुना दागिना म्हणजे खडाही खाणीतलाच असं आपण धरून चालतो, पण फ्रान्समध्ये व्हर्न्युईल या रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्येच माणिक बनवायची रीत जाहीर केली होती, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईडची पूड, त्यात चिमूटभर क्रोमियम, हे हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्वाळेतून खाली पाडायचं, साधारण 2050 अंश सेल्सिअसला वितळलेले थेंब साठत साठत काही तासांत स्फटिक तयार. रसायन तेच, काठिण्यही तेच, मोहस् मापावर (1 ते 10) 9. फरक फक्त आतल्या खुणांत, खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ, कोनात वळणाऱ्या असतात, कधी रेशमासारख्या बारीक सुया दिसतात, तर ज्वाळेतल्या माणकात ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वक्र रेषा आणि हवेचे बारीक बुडबुडे. आज शोरूममध्ये मिथेन वायूपासून थर चढवून वाढवलेले लॅबग्रोन हिरे नवीन म्हणून दाखवतात, पण लॅबमधलं रत्न दागिन्यात यायला शतक उलटून गेलंय.

ओळखीच्या एका जेमॉलॉजिस्टने नथ भिंगाखाली धरली, मग मायक्रोस्कोपखाली, आणि मला बघ म्हणाली. लाल खड्यात वक्र रेषा, अगदी स्वच्छ दिसत होत्या. म्हणजे माणिक ज्वाळेतलं. मोत्यांचा एक्स-रे पुढच्या आठवड्यात आहे, तोपर्यंत नथ परत डबीत, आणि लग्नात ताई त्याच सायीच्या रंगाच्या मोत्यांची नथ घालणार आहे.